तळ्यात नापास झालेली कयाक

समुद्रकिनारी फुटणाऱ्या लाटांवर खेळण्यासाठी बनवलेली कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) नागपुरात राहून कशी पारखायची, हा प्रश्न गेल्या हिवाळ्यात आमच्या गटापुढे उभा राहिला. त्याचं उत्तर शोधताना आमचा एक निर्णय बरोबर आला आणि एक चुकला. चुकलेल्या निर्णयाची किंमत आमच्यातल्या सर्वांत धाकट्याच्या गुडघ्याला मोजावी लागली. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतो आहे. माणसांची नावं, दुकान आणि नेमका किनारा मुद्दाम वगळला आहे.

पार्श्वभूमी

आम्ही आठ जण. दोघं बँकेत, एक शाळेत, एक ताई फिजिओथेरपिस्ट, एक काका वीज खात्यातून निवृत्त झालेले, धाकटा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सहा वर्षांपासून रविवारी पहाटे रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर जातो, दोन-तीन तास वल्हवतो, परतताना तर्री-पोहे खातो. कोकणचा समुद्र आमच्यापासून रस्त्याने जवळपास हजार किलोमीटरवर. तरी वर्षातून एकदा गाडीच्या टपावर कयाक बांधून यवतमाळ, नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर करत फोंडा घाटाने कोकणात उतरतो आणि आठवडाभर राहतो.

गटाकडे चार लांब कयाक आहेत. प्रत्येक १७ फुटी, रुंदीला जेमतेम ५५ सेंटीमीटर. खुल्या समुद्रात या होड्या फार गुणी. सरळ जातात, दमवत नाहीत. त्रास होतो तो शेवटच्या शंभर मीटरमध्ये, जिथे लाट फुटते. मागून लाट आली की मागचं टोक वर उचललं जातं, पुढचं टोक समोरच्या खळग्यात घुसतं आणि होडी तिथेच अडते. मग ती आडवी फिरते. एकदा लाटेला आडवी झाली की १७ फुटांची होडी परत वळवणं जवळपास अशक्य, कारण दोन्ही टोकं पाण्यात रुतलेली असतात. दर वर्षी कोणी ना कोणी तिथे उलटायचं.

म्हणून वर्गणी काढून आम्ही एक वेगळी होडी घेतली. लांबी १४ फूट, वजन २७ किलो, जाड प्लास्टिकची. तळ केळ्यासारखा पुढून-मागून उचललेला, याला रॉकर म्हणतात. पुढचा भाग फुगीर, म्हणजे खळग्यात गेला तरी बुडायच्या आत वर येणारा. बसायच्या जागेखाली तळ सपाट, परातीच्या बुडासारखा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ठसठशीत कडा. सपाट तळामुळे होडी लाटेवरून घसरते आणि कडेवर कलली की त्या बाजूला वळते. मागे तळातून खाली सोडता येणारं एक पातं, त्याला स्केग म्हणतात. माल ठेवायला पुढे-मागे बंद कप्पे आहेत, म्हणजे ही नुसती खेळायची होडी नाही, छोट्या प्रवासालाही चालते.

अडचण

जानेवारीच्या शेवटी होडी आली आणि त्याच रविवारी खिंडसीत उतरवली. निकाल वाईट लागला. आमची नेहमीची ५ किलोमीटरची फेरी जुन्या होडीत मी ४८ मिनिटांत करतो. नवीत ५६ मिनिटं लागली आणि खांदे भरून आले. वल्हं थांबवलं की नाक एका बाजूला जायचं. दहाच्या सुमाराला वारा सुटला तेव्हा तर ती वाऱ्याकडे तोंड करून बसली. काका काठावर उतरले ते म्हणाले, "ही बोट सरळ जाऊनच नाही राहिली. एवढे पैसे कशाचे दिले आपण?"

दुकानाशी बोलणं असं होतं की ३० दिवसांत होडी परत घेऊ, पण तळाला ओरखडा नको. खरी अडचण इथे होती. तलावात मधोमध उतरवली तर ओरखडा येत नाही. वाळूवरून लाटेत ढकलली की पहिल्याच दिवशी येतो. म्हणजे ज्या कामासाठी होडी घेतली ते काम तिच्याकडून करून घ्यायचं तर परतीचा हक्क सोडायचा, आणि हक्क राखायचा तर तिला फक्त तळ्यावर तोलायचं.

आठपैकी पाच जण पहिल्या रविवारनंतर परत करण्याच्या बाजूचे होते. मीही त्यांच्यात होतो.

पर्याय

पहिला पर्याय सरळ: परत करा, पैसे घ्या, विषय संपवा. दुसरा, नागपूरच्या आसपास लाटेसारखं काही मिळतं का ते पाहा. पेंचवर नवेगाव खैरीच्या धरणाखाली पाणी सोडलं की प्रवाह मिळतो, असं एकाने सुचवलं. तो बेत आम्ही लगेच सोडला. पाणी कधी आणि किती सुटेल ते आपल्या हातात नाही, खाली खडक आहेत, आणि नदीची उभी लाट एका जागी राहते तर समुद्राची लाट चालत येते. दोन्ही शिकण्यासारखं आहे, पण एकावरून दुसऱ्याची परीक्षा होत नाही. खिंडसीवरच्या मोटरबोटीमागे उठणाऱ्या लाटांचाही विचार झाला. त्या गुडघ्याच्याही खाली राहतात आणि दोन सेकंदांत विरतात.

तिसरा पर्याय, पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात कोकणात जाऊन निवांत बघायचं. चौथा, मार्चमध्येच जायचं. मे अखेरपासून किनाऱ्यावरचे जलक्रीडेचे व्यवहार बंद होतात, समुद्र खवळतो, त्यामुळे मार्च गेला तर सहा महिने होडी गॅरेजमध्ये पडणार होती.

कोंडी फुटली ती ताईंमुळे. त्यांनी वहीचं पान मधोमध दुमडलं. डाव्या बाजूला लिहिलं, तलाव खरं सांगू शकेल असे प्रश्न. उजवीकडे, तलाव सांगू शकणार नाही किंवा चुकीचं सांगेल असे. डावीकडे आलं: अंगाला बसते का, उलटल्यावर बाहेर पडता येतं का, रोल (उलटल्यावर आत बसूनच वल्ह्याने होडी परत सुलटी करणं) होतो का, कडेवर किती वेळ धरता येते, कप्प्यात पाणी शिरतं का, स्केग नीट चालतं का. उजवीकडे: लाट पकडते का, नाक बुडतं का, आडवी झाल्यावर सावरता येते का. आणि वेग? वेगावर अर्धा तास वाद झाला. शेवटी तो उजव्या बाजूला गेला.

त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या पाण्याला टेकलेल्या लांबीवर अवलंबून असतो, नेमकं सांगायचं तर त्या लांबीच्या वर्गमुळावर. १४ फुटी होडीची दोन्ही टोकं उचललेली, म्हणजे पाण्याला टेकलेली लांबी आणखी कमी. ती १७ फुटीपेक्षा हळू जाणारच. पण लाटेवर होडी पाणी कापत नाही, उतारावरून घसरते. तिथे हा हिशेबच लागू होत नाही. आमची ५६ मिनिटं खरी होती, फक्त ती आम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होती.

या पानानंतर गटाने ठरवलं: उरलेले तीन रविवार डावी बाजू पूर्ण करायची. तिथे होडी उत्तीर्ण झाली तर परतीचा हक्क सोडून मार्चमध्ये समुद्रावर जायचं. फसलोच तर जुनी म्हणून विकताना किती नुकसान सोसायचं तो आकडाही आधीच कागदावर लिहिला. तो लिहिल्यावर काकाही शांत झाले. भीती मोजता आली की तिच्याशी बोलता येतं.

तलावावरची कामं

पहिलं काम अंगाला बसवण्याचं. या होडीत मांड्या वरच्या आधारांना घट्ट टेकायला हव्यात, नाहीतर कडेवर कलताना आपण हलतो आणि होडी जागची हलत नाही. फोमचे तुकडे कापून नितंबांच्या दोन्ही बाजूंना चिकटवले. एवढ्याने होडी वेगळी वाटू लागली. मग प्रत्येकाने तीनदा उलटून, स्प्रे स्कर्टचा (कमरेभोवती घालून बसायच्या जागेचं तोंड झाकणाऱ्या कापडाचा) पुढचा लूप ओढून बाहेर यायचं. हे कंटाळवाणं काम आम्ही सोडलं नाही, आणि त्याचं समाधान आजही आहे.

स्केगचं कोडं दुसऱ्या रविवारी सुटलं. पूर्ण वर असेल तर चालती होडी वाऱ्याकडे वळते. पूर्ण खाली असेल तर वाऱ्यापासून पळते. मधे कुठेतरी ती सरळ जाते, आणि ती जागा दर वाऱ्याला वेगळी. पहिल्या दिवशी आम्ही स्केगला हातच लावला नव्हता.

एक गोष्ट मात्र तलावाने खरी आणि नकोशी सांगितली. माझं वजन ८० किलो, ताईंचं ५२. माझ्याखाली होडीची कड पाण्यात नीट बसते. ताई बसल्या की होडी पाण्यावर फार वर तरंगते, वारा तिला ढकलतो आणि कड धरता धरता त्यांची कंबर भरून येते. दोन्ही कप्प्यांत पाण्याच्या पिशव्या, कॉकपिटच्या (बसायच्या जागेच्या) बाजूच्या भिंतीला घट्ट बांधून, असा उपाय केला. बराच फरक पडला, पूर्ण नाही. गटासाठी एक होडी घेताना सगळ्यात जड आणि सगळ्यात हलक्या माणसाला आधी बसवून बघायला हवं होतं.

समुद्रावर

मालवण तालुक्यातला एक सपाट वाळूचा किनारा निवडला. तारीख ठरवली ती तिथी बघून. कोकणातला जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे सहाच्या सुमाराला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. शिवाय अष्टमीला भांगाची भरती, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणासारखी ताकदीची नाही, त्यामुळे पाण्याची ओढ कमी. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज तीन दिवस आधीपासून रोज बघत होतो. लाट मीटरभराच्या आत होती.

पोचलो त्या संध्याकाळी रापणकरांना भेटलो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. ते लागलेलं असताना तिथे होडी घालणं म्हणजे त्यांच्या दिवसाच्या कमाईवर पाय. त्यांनी किनाऱ्याचा कुठला तुकडा मोकळा आहे ते दाखवलं. त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ होडीचा तळ हाताने चाचपत म्हणाले, "वायच थांबा, पाण्याक बघा, मगे जावा." सकाळी आम्ही खरोखर वीस मिनिटं नुसते बसून राहिलो. लाटा घोळक्याने येतात. चार-पाच मोठ्या, मग मिनिटभर उसंत. उसंतीत निघायचं, हे बसल्याशिवाय दिसत नाही.

साडेसातला सुरुवात केली. पाणी उतरत होतं, लाटा आतल्या सपाट वाळूवर हळूहळू मोडत होत्या, फेस वरून घरंगळत यायचा. लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वापट-दीडपट खोलीत आली की फुटते, म्हणून कमरेएवढ्या लाटा छातीइतक्या पाण्यात फुटत होत्या. जमिनीकडून मतलई वारा येत होता, त्याने लाटेची भिंत जरा जास्त वेळ उभी राहायची. हाच वारा माणसाला खोल समुद्राकडेही नेतो, म्हणून एक लांब कयाक फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे सतत थांबलेली होती.

पहिल्या दोन लाटा माझ्या हातून निसटल्या. तिसरीला मागे वळून पाहिलं, ती उचलायच्या आधीच पुढे झुकून पाच जोरदार हात मारले. मागचं टोक वर गेलं. जुन्या होडीत याच क्षणाला पोटात गोळा यायचा, कारण पुढे नाक बुडणार हे ठाऊक असायचं. इथे नाक खाली गेलं, पाण्याला टेकलं आणि फुगीर भागावरून पाणी दोन्हीकडे फाटत ते वर आलं. मग आवाज बदलला. इतका वेळ पाण्याची चुळचुळ होती, ती थांबून तळाखाली खडबडीत रस्त्यावरून गाडी जावी तशी थरथर सुरू झाली. ती थेट बैठकीतून मणक्यापर्यंत पोचत होती. होडी घसरत होती. मी अंग मागे घेतलं, वल्हं मागे पाण्यात टेकवलं, डावी कड दाबली आणि ती खरोखर डावीकडे वळली. खिंडसीत जी होडी सरळ जात नव्हती, तिचं ते न जाणं इथे कामाला आलं होतं.

पाचव्या लाटेवर ती आडवी झालीच. तलावावर कडेवर घालवलेले तास इथे उपयोगी पडले. लाटेकडे कललो, वल्ह्याचं पातं फेसावर टेकवलं, आणि होडी आडवीच किनाऱ्याकडे सरकत राहिली. किनाऱ्याकडे कललो असतो तर क्षणात उलटलो असतो. दहा वाजेपर्यंत सहा जण बसून झाले. दोघं उलटले, दोघेही आपणहून बाहेर आले. काका चार लाटा करून आले आणि बराच वेळ वाळूत बसून पाण्याकडे बघत राहिले.

सकाळी एकच बिघाड झाला. स्केग खाली येईना. त्याच्या खाचेत वाळू आणि एक शिंपला अडकला होता. होडी उताणी करून काडीने काढावा लागला.

संध्याकाळचा निर्णय

दुसऱ्या दिवशी परत निघायचं होतं. संध्याकाळी पाच वाजता मी म्हटलं, अजून एकदा जाऊ. सकाळचं यश डोक्यात होतं. पण किनारा सकाळचा राहिला नव्हता. पाणी भरून वर आलं होतं आणि लाटा आता वरच्या, चढ असलेल्या वाळूवर एकदम आदळत होत्या. दुपारपासून खारे वारे सुटलेले, त्याने पाणी विस्कटलेलं. सकाळचा हिशेब मीच केला होता, तोच पुढे सहा तासांनी नेला असता तर हे दिसलं असतं. मी तो केला नाही. आणि वीस मिनिटं बसलोही नाही.

परत येताना शेवटच्या लाटेने होडी आडवी टाकली आणि मी उलटलो. कमरेएवढ्या पाण्यात बाहेर आलो, होडी पाण्याने भरलेली. धाकटा मदतीला धावला आणि होडी अडवायला तिच्या आणि किनाऱ्याच्या मधे उभा राहिला. पुढच्या लाटेने होडी त्याच्या गुडघ्यावर नेली. कॉकपिटमध्ये दीडशे लिटर पाणी असेल तर ते दीडशे किलो वजन आहे, वर होडीचे २७ किलो. ते हाताने थांबत नाही.

ताईंनी तिथेच गुडघा तपासला, चालू दिलं नाही. एक्स-रेत हाड शाबूत निघालं, आतल्या बाजूचं लिगामेंट ताणलं होतं. सहा आठवडे पट्टा आणि व्यायाम. त्याची त्या सत्राची प्रात्यक्षिकं बुडाली. त्याच्या आईला फोन मी केला.

परिणाम

होडी आम्ही ठेवली. ती लांब फेरीसाठी नाही, हे आता सगळ्यांना मान्य आहे. त्यासाठी जुन्या आहेत. खिंडसीत ती कड आणि रोल शिकायला वापरतो, त्यामुळे आठातले सहा जण आता भरवशाने रोल करतात. यापूर्वी तिघेच करायचे. धाकटा जूनमध्ये पुन्हा वल्हवू लागला, आता गुडघा दुखत नाही म्हणतो.

वेगळं काय करता आलं असतं

खरेदीच्या आधी दुकानाला एक प्रश्न विचारायला हवा होता: समुद्रावर एकदा नेऊन आणली तर किती कापून परत घ्याल? उत्तर नाही आलं असतं तरी चाललं असतं, पण आम्ही विचारलंच नाही आणि तीन आठवडे त्या अटीभोवती फिरत राहिलो. त्याहून बरं, आधीच्या कोकण फेरीत कोणाची तरी अशी होडी तासभर मागून घ्यायला हवी होती.

तळ्यावरची पहिली चाचणी घड्याळ लावून करायला नको होती. आमच्याकडे मोजायला तेच होतं म्हणून तेच मोजलं. नव्या होडीची जुनीशी शर्यत लावण्याऐवजी स्केग वर, अर्धं, खाली असं तिचंच तिच्याशी ताडून बघितलं असतं तर पहिल्याच रविवारी अर्धे गैरसमज टळले असते.

संध्याकाळच्या फेरीबद्दल गटात दोन मतं आहेत. काकांच्या मते जाणं चूक नव्हतं, धाकट्याला कुठे उभं राहायचं ते न सांगणं चूक होतं. सकाळी निघताना पाण्यातल्यांना सूचना दिल्या, काठावरच्यांना दिल्या नाहीत. मला दोन्ही चुका वाटतात आणि पहिली माझी एकट्याची. भरलेली होडी आली तर किनाऱ्याच्या बाजूला कोणीही उभं राहायचं नाही, समुद्राच्या बाजूला जायचं, टोकाचा दोर धरायचा, जमत नसेल तर होडी सोडून द्यायची. हे वाक्य आता पाण्यात उतरण्याआधी धाकटाच सगळ्यांना म्हणून दाखवतो आणि प्रत्येकाकडून परत म्हणवून घेतो.

ऑक्टोबरची तारीख पुन्हा अष्टमीची धरली आहे. स्केगच्या पात्याला टोकाशी भोक पाडून बोटभर नायलॉनची दोरी बांधली आहे. वाळू अडकली की शेजारच्या होडीतल्याने ती ओढायची. गेल्या रविवारी खिंडसीत ताईंनी खाचेत मुद्दाम मूठभर काठावरची रेती भरली आणि काकांनी दोरी ओढून पाहिली. दुसऱ्या झटक्याला पातं खाली आलं.